छतातली आत्या

तीर्थरूप आत्या यांस,

बारक्याचा साष्टांग नमस्कार. (वाकताना कंबर धरली, तेव्हा निम्मा नमस्कार प्रत्यक्ष घातला आहे, उरलेला लेखी स्वीकारावा.) तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं आणि आता समोरच्या रस्त्यावरच्या पाट्याही चष्म्याशिवाय वाचता येतात, हे ऐकून आनंद झाला. थोडी धास्तीही वाटली, पण ती जुनीच आहे. गुडघे कसे आहेत? जिना चढता येतो का? (हे उगाच विचारत नाही, पुढे कळेल.)

इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. आमच्या पाणी शुद्ध करायच्या केंद्रात नवे साहेब आले. त्यांनी आल्या आल्या फर्मान काढलं की ज्याच्याकडे कॉलेजचा कागद नाही त्याने यंत्रांना हात लावायचा नाही, फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. त्या टाक्या मी पोटच्या पोरांसारख्या सांभाळल्यात, आत्या. कागदासाठी लागणारे बाकीचे विषय रडतखडत पार पडले, राहिला तो कॅल्क्युलस. तोही ऑनलाइन. तुमच्या सूनबाईंचं म्हणणं, घरबसल्या आहे म्हणजे सोपाच असणार. (तिला अजून वाटतं की लिमिट म्हणजे गाडी किती जोरात हाकायची ते.)

वर्ग म्हणजे काळे चौकोन. कोपऱ्यातल्या एका चौकोनात पोस्टाच्या तिकिटाएवढे सर. बाकीची पोरं कॅमेरा बंद करून बसतात हे मला फार उशिरा कळलं, त्यामुळे सगळ्या वर्गाने मला टॉवेलने डोकं पुसताना आणि पेंगताना बघितलं आहे. तरी लिमिट मला कळलं. तो एक्स असतो ना, तो दोनच्या जवळ जवळ जात राहतो, पण दोनला काही शिवत नाही. निकाल हातात घेऊन तुमच्या दाराकडे यायचो तेव्हा माझंही असंच व्हायचं. डेरिव्हेटिव्ह मात्र अंगावर येतं. टाकी भरतेय की रिकामी होतेय, हे मला नुसत्या आवाजावरून सांगता येतं. पण तिच्या भरण्याचा वेग किती वेगाने बदलतोय, असं विचारणारा माणूस आजवर टाकीकडे फिरकलेला नाही.

पण खरी भीती परीक्षेची. तिथे पहाऱ्याला माणूस नसतो. एक यंत्र कॅमेऱ्यातून टक लावून बघत असतं. नजर पडद्यावरून हलली की लाल चौकट, ओठ हलले की दुसरी लाल चौकट. आणि तुम्ही आम्हाला गणित शिकवलंत ते कसं? आधी मान वर, मग पायरी पुटपुटायची, मग कागदाला पेन. सात आठे छप्पन्न मला आजही खाली बघून येत नाही. परीक्षेत पहिलाच प्रश्न बघून मी सवयीने छताकडे पाहिलं आणि पुटपुटलो. लाल चौकट आली. घाबरलो, म्हणून आणखी वर पाहिलं आणि पुटपुटणं जरा मोठ्याने झालं. पुढच्या क्षणी पेपर बंद. खाली शेरा, की विद्यार्थ्याला छतावरून कोणीतरी उत्तरं सांगत असावं.

सरांनी बोलावून घेतलं (म्हणजे पडद्यावरच). सर वयाने माझ्या मुलासारखे, पण आवाज न्यायाधीशाचा.

“खोलीत अजून कोण होतं?”

“कोणी नाही.”

“मग तुम्ही वर बघून कोणाशी बोलत होता?”

तोंडातून खरं तेच गेलं, आत्या.

“आत्याशी.”

सर म्हणाले, येत्या रविवारी आणखी एकदा परीक्षा देता येईल. पुन्हा लाल चौकट आली तर अभ्यासक्रमातून नाव काढणार. म्हणजे फाटक.

तेव्हापासून घरात सराव चालू आहे. मुलीने माझ्या गळ्यात मानदुखीचा पट्टा आवळला, सूनबाईंनी तोंडाला चिकटपट्टी लावली. तशा अवस्थेत मी सात आठे चौपन्न लिहिलं. कामावर टाक्यांच्या काठाने फिरताना वाटतं, हा आवाज आता रविवारपर्यंतचाच. पन्नाशीच्या माणसाने असं लिहू नये, पण मला फार भीती वाटते आहे.

लोभ आहेच, धाक त्याहून जास्त आहे, दोन्ही असेच राहोत.

तुमचा बारक्या

ता. क. : सरांना विनवणी केली. यंत्राऐवजी तुमच्यासारखा निवृत्त शिक्षक समोर बसून पहारा करणार असेल तर चालेल म्हणाले. नातेवाईक चालतो का, असंही भीत भीत विचारलं. त्यावर म्हणाले, “त्याच आत्या असतील तर चालतील. त्या खरोखर आहेत का ते मला बघायचंय.” तर रविवारी याल का? जिन्याला कठडा आहे. अट एकच, पेपर संपेपर्यंत निरीक्षकाने अवाक्षर काढायचं नाही. हे तुम्हाला वरच्या पत्रात लिहायची हिंमत झाली नाही.

ता. क. दुसरा : गळ्यात पट्टा असताना एक गोष्ट लक्षात आली. लहानपणी तुम्ही माझ्या खुर्चीमागे उभ्या असायचात. मी मान वर करायचो ती छत बघायला नव्हे, तुमची डावी भुवई बघायला. उत्तर चुकत असलं की ती चढायची. इतकी वर्षं मी छतात तीच शोधतो आहे. म्हणजे यंत्र अगदीच खोटं बोललं नाही.

ता. क. तिसरा : निरीक्षकांचे नियम पुन्हा वाचले. बोलणं, खोकणं, हात हलवणं, टेबलावर टकटक करणं, सगळ्याला मनाई आहे. भुवईबद्दल एक शब्द नाही.