तुझ्याशी खोटं न बोललेली

आई, काल दुर्गजवळच्या अहिवाऱ्याला जाऊन आले. तुझ्या वॉर्डातली सिस्टर आता रिटायर होऊन तिथंच असते. अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या आणि ती बाजेवर पाय लांब करून बसलेली, कारण गुडघे वाकत नाहीत. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुला ओळखणारं माणूस आता शोधावं लागतं. बाबाही गेले. म्हणून तुझ्याबद्दल बोलावंसं वाटलं की मी तिच्याकडे जाते. परतताना बसमध्ये वाटलं, त्या हिवाळ्यात पडद्याच्या अलीकडे, आमच्या बाजूला काय काय चाललं होतं, ते तुला कधी कोणी सांगितलंच नाही.

डॉक्टरांनी तुझं पोट उघडलं आणि तसंच परत शिवलं. बाबांना आणि मला खोलीत बोलावून ते हिंदीत सावकाश म्हणाले, आत सगळीकडे पसरलंय, आता जितके दिवस आहेत तितके दिवस त्यांना सुखात ठेवा. बाबा मान हलवत राहिले, पोलाद कारखान्यात फोरमन काम सांगायचा तेव्हा हलवायचे तशी. बाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "तुह्या मायले काई सांगाचं नाही. अल्सर होता, काढला. बस." मी तेव्हा दुर्गच्या कॉलेजात होते, एवढी लहान नव्हते, पण बाबांच्या शब्दापुढे आपल्या घरात कोण बोलायचं? त्या दिवसापासून आम्ही दोघं वॉर्डाच्या दारात तोंड पुसून, हसरं करून आत यायचो. भंडाऱ्याहून मामा-मामी आले तर बाबा त्यांना जिन्यातच गाठून पढवायचे. तुझ्या उशाशी बसून ते म्हणायचे, उन्हाळ्यात गावाले जाऊ, आंबे खाऊ, तू बरी झाली का क्वार्टरच्या मांगं नवीन ओटा बांधू. तू "हो न" म्हणायचीस. आम्हाला वाटायचं, चला, निभावलं.

ती सिस्टर तेव्हा चाळिशीची असेल. रोज अहिवाऱ्याहून बसनं यायची, तेल लावून चप्प बसवलेले केस, पायात मोजे. तुला दाई म्हणायची, म्हणजे तिच्या छत्तीसगढीत आई. तुझ्याहून फार लहान नव्हती, तरी दाई. थंडीत अंग पुसायचं पाणी बाकीच्या खाटा करत तुझ्यापर्यंत येईतो गार व्हायचं, ती ते परत तापवून आणायची आणि आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघायची. तुझ्या हाताची शीर सापडेनाशी झाली तेव्हा सुई टोचण्याआधी ती तुझा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरून ऊब देत बसलेली मला दिसते आहे. पलीकडच्या खाटेवरची बाई ओरडते आहे, कोणीतरी सिस्टर, सिस्टर हाका मारतंय, आणि ही तुझा हात सोडत नाही. "आवत हंव, आवत हंव," एवढंच म्हणते. येते आहे, येते आहे.

एका दुपारी तिनं मला जिन्यापाशी बोलावलं. म्हणाली, दाईनं आज मला विचारलं, मी यातून वाचत नाही न? "आपने क्या बोला?" तिनं म्हटलं, काहीच बोलले नाही, हात धरून बसले. खोटं सांगता आलं नाही. मग दाईच बोलली. दाई काय बोलली ते तिनं तुझ्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न केला, मोडक्यातोडक्या मराठीत: मले मालूम हाय. पन त्या दोघाईले नको सांगू. ते लय घाबरून राहिले.

आई, आम्ही तुझ्यापासून लपवत होतो आणि तू आमच्यापासून. तो आंब्यांचा, ओट्याचा खेळ तू आमच्यासाठी खेळत होतीस.

ती गोष्ट बाबांना मी सांगायला हवी होती, पण माझी जीभ रेटेना. सिस्टरनंच सांगितली. बाबा फर्स्ट शिफ्ट करून आले होते, बूट तसेच, सेफ्टी हेल्मेट हातात. ते इतक्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरून वॉर्डबॉय वर धावत आला. "आपको किसने कहा था उससे ऐसी बात करने को? मैं मेट्रन के पास जाऊंगा!" ती भिंतीला पाठ लावून उभी. आवाज चढवला नाही, माफीही मागितली नाही. बाबा थांबले तेव्हा म्हणाली, "भैया, दाई को सब मालूम है. वो आप लोगों के लिए चुप है. अकेली पड़ गई है वो." आणि इंजेक्शनचा ट्रे घेऊन आत गेली.

बाबा मेट्रनकडे जायला म्हणून जिना उतरले. मी मागोमाग गेले. ते मेट्रनच्या खोलीवरून पुढे निघून गेले आणि स्कूटर स्टँडवर एका सिमेंटच्या ठोकळ्यावर बसले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. आजोबा गेले तेव्हाही नाही. फर्नेसच्या धगीसमोर आयुष्य काढलेला माणूस हेल्मेट मांडीवर उलटं धरून त्यात बघत रडत होता. बऱ्याच वेळानं उठले, नळावर तोंड धुतलं, वर आले आणि तुझ्याजवळच्या स्टुलावर बसले. मी पायथ्याशी उभी होते.

"तुले मालूम हाय का वं?" त्यांनी विचारलं.

तू म्हणालीस, "हो. तुमाले कसं सांगू म्हनून चूप होती."

पुढचं तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते हे, की मी बाहेर आले तशी सिस्टरनं पडदा ओढून घेतला आणि ती तिथंच पाठ करून उभी राहिली. भेटायला आलेल्या शेजारणींना तिनं परत पाठवलं, राउंडच्या डॉक्टरांनाही म्हणाली, ही खाट शेवटी घ्या सर. पडद्याआड तू पहिल्यांदा मोठ्यानं रडलीस आणि बाबाही, आणि बाहेर ती हातातला थर्मामीटर उगाच झटकत राहिली.

तुला घरी जायचं होतं. हे तू आम्हाला इतके दिवस म्हणाली नव्हतीस, कारण म्हटलं असतं तर काऊन, का जायचं, म्हणून आम्ही विचारलं असतं. डॉक्टरांशी बोलून तिनंच सगळं जमवलं, आणि ड्यूटी संपली की इंजेक्शन द्यायला आपल्या क्वार्टरवर यायची. त्या दिवसांत आपलं घर जितकं बोललं तितकं आधी कधी बोललं नव्हतं. तू मला म्हणालीस, बी.एस्सी. सोडजो नको, लग्नाची घाई करजो नको. बाबांना खाटेवरून वरणाची फोडणी शिकवलीस, आणि ते जिरं जाळायचे तेव्हा तू खोकत हसायचीस. एकदा त्यांना म्हणालीस, "दुसरं लगन करून घेजा." ते भडकले, "का बोलून राहिली तू!" तू शांतपणे म्हणालीस, "करा न. पन तिले माह्या पितळेच्या डब्याईले हात लावू देऊ नका." सिरिंज भरत असलेली सिस्टर इतकी हसली की तिला ती खाली ठेवावी लागली.

तू एका सकाळी गेलीस, ऊन खिडकीत आलं होतं, बाबांचा हात तुझ्या कपाळावर होता. सिस्टर नंतर आली. मी तिला ओळखलंच नाही, कारण साध्या साडीत तिला कधी पाहिलं नव्हतं. बायकांमध्ये बसून ती आपल्यातलीच एक होऊन रडत होती, आणि तुला शेवटची आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा कोणी न सांगता उठली. पाणी तिनं तेव्हाही मनगटावर टाकून पाहिलं.

तेरवीला बाबांनी तिला बोलावलं. जेवण झाल्यावर अंगणात तिच्यासमोर उभे राहिले, हात जोडले. "बाई, मी त्या दिवशी..." ती म्हणाली, "रहन दे भैया." तेवढंच. मग दर दिवाळीला बाबा चिवडा आणि अनारसे घेऊन स्कूटरनं अहिवाऱ्याला जात राहिले. चहा पिऊन यायचे. आणि त्यांची स्वतःची वेळ आली, डॉक्टरांनी मला एकटीला खोलीत बोलावलं, तेव्हा मी बाहेर आल्यावर त्यांनी तोंडाकडे पाहूनच म्हटलं, "सांग. तुह्या मायवानी मले एकटं नको ठेवू." मी सांगितलं. त्यांच्याजवळ बसून, हात धरून, सगळं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं तुझ्याबद्दलच बोलत होतो. त्यांना भीती वाटत होती, पण ती त्यांनी लपवली नाही, आणि मला तिच्यात वाटा मिळाला. हे मला कोणी शिकवलं ते तुला सांगायला नको.

काल निघताना तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "काऊन वं, वाळून गेली तू. जेवत नाही का?" छत्तीसगढी बाई, पण हे वाक्य तुझं. म्हणाली, दाई मला रोज असंच विचारायची, स्वतःच्या पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता तेव्हाही.

हे पत्र तुला पोचायचं नाही, मला कळतं. बाबांनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं ते लिहून ठेवते. आई, तुझा आवाज मला आठवत नाही. कधीपासून, तेही माहीत नाही. तू बोललेलं सगळं आठवतं, शब्दन् शब्द, पण डोळे मिटून ऐकायला गेले की ते सिस्टरच्या आवाजात ऐकू येतं.