अंगण मोजायचा दोर

मी, श्रीमती चित्रा शरदचंद्र वझलवार, वय एकोणऐंशी, मूळची नागपूरची, हल्ली राहणार विनिपेग, रेड नदीचा पूर्व काठ, आज घरच्या जेवणाच्या टेबलाशी बसून, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही भरीस न घालता, हे माझं शेवटचं मृत्युपत्र लिहीत आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते यजमान हयात असताना केलं होतं आणि त्यात सगळं एकमेकांच्या नावे होतं. वकीलबाई याचं इंग्रजी भाषांतर सोबत जोडणार आहेत. त्यात माझं बोलणं गाळू नये.

वारस दोनच. मुलगा देवदत्त, राहणार सरे, आणि मुलगी अनुया, राहणार ओटावा. दोघंही कमावती आणि एरवी शहाणी आहेत. वडील गेले त्या आठवड्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत. हे मृत्युपत्र मुख्यतः त्याचसाठी आहे, मालमत्ता हे निमित्त.

१. व्यवस्था पाहणारे म्हणून मी दोघांनाही मिळून नेमते. वकीलबाई म्हणाल्या, न बोलणाऱ्या दोन माणसांना एकत्र नेमू नका, सहीसाठीही अडून बसतील. मी म्हटलं, अडूनच बसले तरी एका खोलीत बसतील.

२. घर आणि मागचं अंगण दोघांना समान. आमच्या भागातले जुने प्लॉट अरुंद आणि लांबलचक आहेत. पूर्वीच्या शेतकऱ्यांनी जमीन अशी वाटून घेतली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडी तरी नदी यावी. नाइलकाठीही माणसं अशीच नदीला धरून राहिली. पाणी पोचेल तेवढी काळी जमीन आपली, त्यापलीकडे लाल वाळवंट. पूर ओसरला की गाळाखाली शेतांच्या खुणा नाहीशा झालेल्या असत. मग सरकारची दोर ताणणारी माणसं येत आणि गाठी मारलेल्या दोरानं ज्याचं शेत त्याला पुन्हा मोजून देत. ज्याच्या शेताचा लचका नदीनं तोडला, त्याचा सारा कमी होई असंही सांगतात. आमचा प्रॉपर्टी टॅक्स मात्र दरवर्षी चढतोच.

घर घेतलं त्या वर्षी ही हकिकत मी शरदचंद्रांना सांगितली. इंजिनिअर माणूस, दुसऱ्या दिवशी दोर घेऊन आले. गाठी मी मारल्या. तेव्हापासून मे महिन्यात पाणी उतरलं की आम्ही मागच्या दारापासून काठापर्यंत अंगण मोजायचो. एक टोक ते दाराशी धरत, दुसरं मी चिखलात. नदी दरवर्षी थोडी माती नेतेच. ते ओरडून सांगायचे, "चित्रा, यंदा अर्धी गाठ गेली. जमीनदारीण जरा गरीब झालीस!" मुलं लहान होती तोवर टोक कोण धरणार यावरून भांडत. मोठी झाल्यावर म्हणू लागली, "आई, नॉट इजिप्त अगेन."

दोर एकट्यानं ताणता येत नाही. ते गेल्यानंतरच्या मे महिन्यात मी एक टोक दाराच्या कडीला बांधून बघितलं. मी काठाशी पोचेपर्यंत गाठ सुटली आणि दोर चिखलात लोळला. मी तिथेच बसून रडले. आता तो बेसमेंटमध्ये खिळ्याला टांगलेला आहे.

३. इजिप्तवरची सगळी पुस्तकं अनुयाला. नागपूरला मी कॉलेजात इतिहास शिकवत होते. इथे आल्यावर ग्रोसरी स्टोअरच्या काउंटरवर उभी राहिले, आणि माझ्या नाइलला पुन्हा वर्ग मिळाला नाही. याची खंत आहे, ती लपवत नाही. त्याहून मोठी खंत ही की ती नदी मी डोळ्यांनी पाहिली नाही. एकदा तिकिटं काढली होती. त्या वसंतात इथे पूर आला आणि आम्ही सुट्टी वाळूच्या गोण्या भरण्यात घालवली. "पुढच्या वर्षी नक्की," ते म्हणाले. पुढचं वर्ष गुडघ्याच्या ऑपरेशनला गेलं, आणि नंतर आम्ही त्याबद्दल बोलायचंच सोडून दिलं. नाइलही आपल्या रेडसारखी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

४. तळघरात शिरलेलं पाणी बाहेर टाकणारा सम्प पंप, बर्फ उपसायची फावडी आणि बेसमेंटमधली हत्यारं देवदत्तला. त्याला शोव्हल करायचा कंटाळा, म्हणून तो बर्फ फारसा न पडणाऱ्या सरेला गेला, असं मी कायम म्हणत आले. ते थट्टेत होतं. त्याला ते लागायचं हे मला उशिरा कळलं.

५. इथल्या मराठी मंडळाच्या वनिता वहिनींना माझ्या नाइलवरच्या भाषणाच्या सर्व स्लाइड्स. त्यांनी प्रोजेक्टर मध्येच बंद करवला होता, कारण बटाटेवडे निवत होते. आता निवांत आणि शेवटपर्यंत पाहाव्यात.

६. अस्थी. हे कलम नीट वाचावं.

नाइलकाठच्या त्या लोकांचं सगळं नदीच्या वेळेनं चाले. पूर चढला की शेतं पाण्याखाली, तेव्हा राजाची बांधकामं. पाणी उतरलं की पेरणी, मग कापणी. तीनच ऋतू, तिन्ही नदीनं दिलेले. आमच्या घरातलं भांडणही नदीच्या वेळेनंच झालं. शरदचंद्र फेब्रुवारीत गेले, नदी गोठलेली. ती वाहती असती तर भांडायला वेळच मिळाला नसता.

देवदत्त म्हणाला, "इट्स सिंपल, आई. समरमध्ये मी इंडियाला जातो, नर्मदेत सोडून येतो. आजोबांचंही तिथेच केलं ना?"

अनुया म्हणाली, "बाबांनी अख्खं आयुष्य ही नदी वॉक केली. तुला काय माहीत? यू वर नेव्हर हिअर."

"सो यू ओन हिम नाऊ?"

मी मध्ये बोलले. त्या दिवशी ऐकायला कोणी मोकळं नव्हतं. मग देवदत्तनंच तोडगा काढला, अर्ध्या तिकडे, अर्ध्या इकडे. त्याला मी साफ नाही म्हटलं. नाइलकाठच्या कथेत एका राणीनं नवऱ्याच्या देहाचे विखुरलेले तुकडे नदीकाठानं फिरून गोळा केले. मी माझ्या नवऱ्याचे वाटे घालू देणार नाही. दोघं उठून गेली आणि कलश अजून देवघराखालच्या कपाटात आहे.

त्या लोकांत मेल्यावर देवांपुढे उभं राहून सांगायचं असे की मी चोरी केली नाही, खून केला नाही, आणि वाहतं पाणी अडवलं नाही. वर्गात हे शिकवताना शेवटच्या वाक्याला पोरं हसायची, मीही हसायची. आता इतकी वर्षं आपल्या घरातलं पाणी अडलेलं आहे, आणि ते तसंच ठेवून जावं लागणार, याचं मला फार दुःख होतं.

म्हणून ठरवते ते असं. माझ्या अस्थी शरदचंद्रांच्या कलशात मिसळाव्यात. देवघरात नर्मदेच्या पाण्याचा सीलबंद गडू आहे. बर्फ गेल्यावर मागच्या काठावर उभं राहून देवदत्तनं तो आधी या नदीत ओतावा. मग त्याच पाण्यात दोघांनी मिळून आम्हाला सोडावं. आम्ही उत्तरेला जाऊ.

७. दोर. हे कलम कालपर्यंत मसुद्यात नव्हतं. काल मी दोघांना वेगवेगळे फोन करून विचारलं, घरातलं काय हवं ते आत्ताच सांगा. देवदत्त म्हणाला, "बाकी सगळं डोनेट कर, आई. मला फक्त तो दोर दे." तासाभरानं अनुयाला फोन केला. ती म्हणाली, "प्रॉमिस कर, हसणार नाहीस. मला बाबांचा दोर हवाय." मी हसले नाही. दुसऱ्यानं काय मागितलं, तेही मी कोणाला सांगितलं नाही. ते इथे वाचूनच कळेल.

तरी दोराची विल्हेवाट अशी. एक टोक देवदत्तला, एक टोक अनुयाला. मधून कापायचा नाही. घर ठेवा किंवा विका, पण त्याआधी एका मे महिन्यात पाणी उतरल्यावर दोघांनी मिळून अंगण मोजायचं. वकीलबाई म्हणतात, असली अट कोर्टात टिकणार नाही. न टिकू दे. मला कोर्टाचं काम नाही, तुमचं आहे. दाराशी कोण आणि चिखलात कोण, यावरून हवं तर भांडा. लहानपणी भांडायचात तसंच.

वरील सर्व मी वाचून पाहिलं, मनासारखं उतरलं आहे, म्हणून खाली सही करते.

चित्रा शरदचंद्र वझलवार
विनिपेग, मॅनिटोबा
१४ मार्च २०२५. नदी अजून गोठलेली.

आम्ही याच गल्लीत राहणारे, या मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळालेलं नाही. चित्राताईंनी आमच्यासमोर सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही. त्यांच्या आग्रहावरून बेसमेंटमध्ये जाऊन दोर पाहिला. तो अखंड आहे.

साक्षीदार: शोभा बिडवई
साक्षीदार: शंतनु बिडवई