अर्धा चौक

१९ एप्रिल, रविवार

छपराचं टिन तापलं की डोकं तापतं, आणि आमच्या घरातली डोकी मुळातच गरम! वांगी केनवडच्या बाजाराला धाडून हे घरी आले, तर रुचिका नकाशा पसरून बसलेली. आमची लेक अमरावतीला घरं आखायचं शिकली, आता आमचंच आखतेय. जाड भिंती, पश्चिमेला खिडकी नाही, पुढे ओसरी, मध्ये उघडा चौक.

"मधात उघडं ठेवलं की गरम हवा वरून निघून जाते, बाबा."

"अन् पाऊस? तो का बाजूनं जाईन?"

बापाचे विनोद! नकाशा मात्र जेवतानाही मांडीवरच होता.

२० एप्रिल

गोम आज कळली. हा चौक निम्मा आमच्या जागेत, निम्मा चंपतभाऊजींच्या! भाऊजी म्हणजे यांचे थोरले भाऊ. ओलिताच्या पाळीवरून दोघांचं वाजलं आणि अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली. तेव्हापासून भावाभावांचं बोलणं म्हशीमार्फत. हे आमच्या म्हशीला मोठ्याने सांगतात, "काही लोकायले मोटर बंद कराची आठवन राहत नाई!" पलीकडून भाऊजी त्यांच्या म्हशीला उत्तर देतात. म्हशींचं आपसात काही वैर नाही, बिचाऱ्या.

यंदा दोघांनाही आपापला स्लॅब टाकायचाय. रुचिका म्हणते, भिंत ठेवून बांधलं तर दोन भट्ट्या होतील. अर्ध्या चौकात वारा खेळत नाही.

२४ एप्रिल

चव्वेचाळीस! कूलरनेही मान टाकली.

२६ एप्रिल

रुचिका मोठ्या बाबांकडे, म्हणजे भाऊजींकडे, जाऊन आली. त्यांनी तिला ताक पाजलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चौक चांगला हाय पोरी. पण त्यात तुया बापाचं तोंड रोज दिसन ना!"

मी हसले, तर यांना राग. "तुले कायचं हसू येऊन राह्यलं?" संध्याकाळी मात्र दाढी केली. दाढीचा सोमवार नाही, लग्न नाही, काही नाही!

२ मे

दोघेही भाऊ तयार! प्रेमापायी नाही हो — उकाड्यापायी. यांनी म्हशीला कळवलं, "भिंत पडली तरी आपली काई हरकत नाई." पलीकडून त्या म्हशीला निरोप गेला, "पाडाची असन तर सकाळी पाडा म्हणा, उन्हाच्या आत."

एकच अट. चुली वेगळ्या. दोन स्वयंपाकघरं, चौकाच्या दोन टोकांना. आणि ही अट माझी. भिंत झाल्यापासून भागिरथा जाऊबाईंनी माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलेलं नाही. त्यांच्याशेजारी एका ओट्याजवळ उभं राहायचं? मला भीती वाटते त्यांची, खरं सांगायचं तर.

रुचिका कुरकुरली — चौकाच्या दोन्ही बाजूंनी धग येईल म्हणे. मी म्हटलं, "घराचं तुले समजते, संसाराचं मले समजते."

५ मे

भिंत पडली. वारा आला, सोबत विटांची धूळ. सगळ्यांच्या आधी म्हशींनी एकमेकींना हुंगलं. भाऊ आपापल्या बाजूला विटा रचत राहिले. जाऊबाई बाहेरच आल्या नाहीत.

८ मे

आज रुचिकाने फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून अख्खं घर जमिनीवर आखलं. ओसरी, खोल्या, चौक, दोन स्वयंपाकघरं. हे लगेच खुर्ची घेऊन ओसरीत! भर उन्हात, डोक्यावर दुपट्टा, जसं काही घर बांधून झालंय. तेवढ्यात भाऊजी आले, ते सरळ रेघ ओलांडून.

"अबे भाऊ, भिंतीतून काहून येतं? दारातून ये ना!"

म्हशीला नाही — भाऊजींना! भाऊजी मागे फिरले, वळसा घातला, दारातून आत आले. वर विचारतात, "चप्पल काढू का इथं?"

मी आणि रुचिका पदर-ओढणी तोंडात कोंबून हसलो. जाऊबाई लांब उभ्या होत्या. हसल्या की नाही, दिसलं नाही.

९ मे

सकाळी गेले तर जाऊबाई रेघांच्या घरात एकट्याच. त्यांच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून पायाने फक्की पुसत होत्या. चारही बाजू पुसल्या. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "भाजीत तिखट जरा कमी टाकजो व उज्ज्वला. आता पोटाले सोसत नाई."