हाटेलातल्या खोलीत जातं

मार्ग. शु. ५, उमरावती
कापसाच्या पेठेत खोली मिळाली. पारशी शेटजींनी दारावर पाटी लावली आहे: हाटेल. मुंबईकडची रीत म्हणे. खाट, माठ, खुंटी, कुलूप. भाडं दिलं की कोण, कुठला, कुणी विचारत नाही. अमेरिकेत लढाई पेटून इथल्या कापसाला भाव आला, तेव्हापासून धर्मशाळेत पाय ठेवायला जागा नाही. मी गठ्ठ्यांवर नावं घालणारा कारकून, मला खोली मिळाली म्हणजे भाग्यच.
तेल्हाऱ्यास सासऱ्यांना पत्र टाकलं: घर झालं, सखूला पाठवा. लग्नाला तीन वर्षं, संसार सहा महिन्यांचा.
'घर' जरा जास्तच झालं. असो.

शु. ११
दोन दिवस ताप. शेजारच्या खोलीत कुणी खोकतो. मी खोकलो की थांबतो. ओळख एवढीच. कुणी विचारत नाही याचं त्या दिवशी कौतुक लिहिलं, आज त्याचीच चीड आली. फार एकटं वाटतं.

व. २
सखू आली! अकोल्याला मुक्काम करून, भाऊ किसनच्या छकड्यातून. सोबत माहेरचं जातं. किसनने नि मी वर चढवलं. शेटजी हात जोडून म्हणाले, खाली कापूस भरलाय, विस्तव चालणार नाही. दळणही नको, लोक झोपतात.
सखूने खोली पाहिली. वेळ लागला नाही.
"चूल कुठी हाय?"
"जेवण खानावळीतून..."
"मंग घर झालं म्हनून काहून लिवलं?"
किसन म्हणाला, "भाऊजी, हे त उतराची जागा हाय."

व. ४
गेली. दोन दिवस भिजवलेले पोहे खाल्ले, हसलोही. वाटलं, राहील. काल तो खोकला ऐकून तिने विचारलं, "थो कोन हाय?" ठाऊक नाही म्हटलं. "इतले दिस झाले, नाव नाई इचारलं?" तेव्हाच तिचं ठरलं असावं.
जात्याची वरची तळी खुंट्यासकट छकड्यात घातली, खालची खाटेजवळ ठेवली. "घर भेटलं का सांगजा. मंग वरची घेऊन येतो." रागावली नव्हती. रागावली असती तर बरं.

व. ९
शेजारचं दार वाजवलं, नाव विचारायला. खोली कालच सुटलेली. आत दुसराच माणूस, पेटी उघडत होता. "काय पायजे?" काही नाही म्हटलं.

पौष शु. १
खानावळीत भाजी घालणाऱ्या माळीणबाईंची पडवी रिकामी आहे. पेठेपासून लांब, छप्पर गळकं. पण चूल आहे. बाईंनी आधी गाव विचारलं, मग बापाचं नाव, मग सोयरे. न विचारलेलं आजोळही सांगून टाकलं. वेड्यासारखंच.
"मानसं किती?"
"दोन."
"जातं हाय ना? माहं नोको मांगू."
"आहे."
घरधन्यास विचारून उद्या सांगते म्हणाल्या.
खालच्या तळीवर वही ठेवून लिहितो आहे. तेल्हाऱ्यास अजून कळवलं नाही. या खेपेस चूल पेटल्याशिवाय 'घर' लिहायचं नाही. माणसं दोन, हे मात्र सांगून बसलो आहे.