रिकामी द्यायची नाही म्हणून भरलेली बाटली

अण्णा, मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे तुम्हाला पोचायचंही नाही, तरी चिडले आहे. दुष्काळाचं ते साल. अख्खी आळी टँकरची वाट बघत उभी, आणि मी औरंगाबादच्या लॅबमधून पाण्याचे नमुने न्यायला दिंद्रुडच्या अलीकडं आपल्या गावी आलेली. साखर कारखान्याच्या मळीचं पाणी ओढ्यातून आपल्या विहिरीत मुरतंय, हे मला दाखवायचं होतं. तुम्ही कारखान्याचे जुने सभासद. स्वयंपाकघरातच कडाडलात, "आपलाच कारखाना, आन् आपलीच लेक त्याच्या मुळावर उठली! लाज वाटती का काई?" तरी मी विहिरीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात दोर सोडलाच.

नमुन्यांसोबत एक बाटली लॅबच्या शुद्ध पाण्याची होती. तिला आम्ही कोरा नमुना म्हणतो. मास स्पेक्ट्रोमीटर पाण्यातली रसायनं त्यांच्या वजनावरून हुडकतो. मग कोऱ्या बाटलीत जे सापडेल ते बाटलीचा नि प्रवासाचा मळ समजून सॉफ्टवेअर बाकीच्या सगळ्या नमुन्यांतून आपोआप वजा करतं. निकाल आला, पाण्यात काहीच नाही. आमच्या साहेबांनी मूळ आलेख उघडूनसुद्धा बघितला नाही. मशीन म्हणालं ना, झालं! आणि तुम्ही तो कागद कारखान्याच्या सभेत छाती काढून वाचलात. तेव्हापासून गाव ती विहीर बिनघोर पितंय.

परवा जुना डेटा नव्यानं तपासायला घेतला, तर कोरी बाटलीच मळीनं भरलेली. लॅबमध्येच कुणी घोळ घातला असं मला वाटलं. गावी आल्यावर सहज आईजवळ विषय काढला, तर ती काय हरखली! "आगं, मला लई ताप व्हता. घरात घोटभर चांगलं पानी न्हाई. तुज्या अण्णांनी तुजी ती बाटली उघडून मला पाजली. आन् लेकीला रिकामी कशी द्यायची, म्हनून आपल्या हिरीचं पानी भरून ठिवलं. रिकामं भांडं कदी कुनाला दिलं न्हाई त्यांनी."

अहो, विचारायचं तरी! मी अंगणातच होते. कडाडायला तोंड होतं, मग एवढं सांगायला नव्हतं? विहिरीतून विहीरच वजा झाली. उरणार काय, कपाळ?

आता तो निकाल रद्द करायचा तर साक्ष हवी. मी आकडे फिरवले, असं कारखान्याचा वकील आत्तापासूनच म्हणतोय. म्हणून आई बोलली ते जसंच्या तसं लिहून काढलं, तुमच्या नावासकट. गाव तुम्हाला शिव्या घालेल. घालू दे, पण त्या विहिरीचं पाणी कुणाच्या पोटात जाता कामा नये.

काल आईनं त्या कागदावर अंगठा दिला. वर म्हणाली, "समद्या गावाम्होरं वाच, बरं का." तिला वाटतंय, मी तुमचं कौतुक लिहिलंय. मी तिला तसंच वाटू दिलं, अण्णा.