मोठ्या सिस्टरांची चूक

३ जुलै

चि. ठमीस,
अ. उ. आ.

मोठ्या सिस्टरांच्या शोकसभेचं पत्रक तू पाठवलंस, ते चष्मा पुसून दोनदा वाचलं. "चाळीस वर्षांच्या सेवेत ज्यांच्या हातून एकही चूक झाली नाही" असं छापलंय. कुठल्या दीडशहाण्याने हे लिहिलं? तुमच्या सुपरिंटेंडंट साहेबांनीच असणार. माणूस गेलं की त्याला गुळगुळीत करून भिंतीवर टांगायचं, एवढंच त्यांना जमतं. सभेत ज्यांनी डोळे पुसले म्हणतेस, त्यांतल्या निम्म्यांनी सिस्टरांची बदली व्हावी म्हणून अर्ज केले होते. मेट्रन तर त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती.

अगं, नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी सिस्टरांनी एका तान्ह्या बाळाला दुप्पट औषध दिलं होतं. लक्षात येताच डॉक्टरांकडे धावत गेल्या, म्हणून बाळ वाचलं. ती हकिगत त्यांनी वहीत लिहून ठेवली आणि वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक नव्या नर्सला पहिल्या दिवशी उतरवून काढायला लावली. मी काढली, तूही काढलीस. मग हे पत्रक वाचताना तुझी अक्कल कुठे गहाण पडली होती?

माझे गुडघे आहेत तसेच आहेत. आईला सांग, राग निवला की तिला वेगळं लिहीन.

तुझी मावशी

८ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्रक मीच लिहिलं. मेट्रन म्हणाल्या, छान छान लिही, म्हणून लिहिलं. साहेब खूश झाले. एक तारखेला मी नोकरीत कायम व्हायची आहे आणि सही त्यांची लागते. आईने सगळ्या नातेवाइकांना सांगूनही टाकलंय.

आणखी एक आहे, ते फक्त तुला सांगते. सोमवारी मी आठ नंबरच्या पेशंटचं इंजेक्शन नऊ नंबरच्या आजोबांना दिलं. ते पंधरा दिवस अंगात भिनत राहतं. आजोबांचे हात ताठ झालेत, बोलताना जीभ जड होते. डॉक्टर मेंदूचा आजार शोधताहेत. अजून कोणाला काही कळलेलं नाही. काय करू?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी ठमी

१२ जुलै

चि. ठमीस,
आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत.

पत्र वाचून शिसारी आली. साहेब ढोंगी, मेट्रन तोंडपुजी, हे मला जुनंच ठाऊक होतं. तू त्यांच्यात जाऊन बसलीस, हे नव्हतं. एक म्हातारा माणूस लाकडासारखा पडलाय, डॉक्टर नसलेला आजार शोधताहेत, आणि ही बया एक तारखेची वाट बघतेय. कोणाला कळलं नाही म्हणे. काय करू, हे मला विचारायला तुला टपाल लागतं? डॉक्टर वीस पावलांवर बसतात.

हे हातात पडताच ऊठ आणि जाऊन सांग. शब्द जुळवत बसू नकोस. सांगितल्याशिवाय मला पत्र टाकायचं नाही.

मावशी

१८ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं आणि तशीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी लगेच त्यावरचं औषध सुरू केलं. काल आजोबांनी चहाचा कप स्वतःच्या हाताने धरला म्हणे. त्यांच्या सुनेने माझ्याकडे पाहिलंही नाही. मेट्रन म्हणाल्या, कोणी विचारलं नव्हतं तर हा शहाणपणा सुचला कुठून? साहेबांनी मला घरी बसवलंय. कायम होण्याचं आता नाव नको. आई बोलत नाही. मला रडू येतं, पण झोप लागते.

तुझा शब्दन् शब्द झोंबला, म्हणून विचारते. इतक्या वर्षांत तुझ्या हातून असं कधीच झालं नाही का? सिस्टर आजारी असताना त्यांनी मला दोनदा विचारलं, तुझी मावशी का येत नाही? मी गुडघ्यांचं सांगितलं.

उत्तर जमेल तेव्हा दे. घाई नाही.

तुझी ठमी

२३ जुलै

चि. ठमीस,
राखून ठेवलेले आणि नवे, सगळे आशीर्वाद.

झालं होतं. चौदा नंबरची बाई, तीन मुलांची आई. मी भलतीच बाटली लावली. लक्षात आल्यावर ती काढली आणि धुऊन ठेवली. बाई संध्याकाळी गेली. आजारच तसा होता, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

सिस्टरांनी मला खोलीत बोलावून एकदाच विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी विश्वास ठेवला, आणि पुढे बावीस वर्षं नव्या मुलींना माझं उदाहरण देत राहिल्या. त्यांच्या खाटेपाशी मी काय तोंड घेऊन जाणार होते?

मी मोठी असले तरी आज मीच तुझ्याकडे मागते, लोभ असू दे.

मावशी