खिशातली सांडशी

आई, तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आणि तुला हे लिहिताना मी अजून भितोय. इतरांच्या घरून नोकरीला निघालेल्या पोराला देवाचा अंगारा मिळतो. तू मला स्वयंपाकघरातली सांडशी दिलीस. एक पाय वाकडा, मुठीला तुझ्या लुगड्याची चिंधी. दादा तीच घेऊन दिल्ली कॅन्टोन्मेंटला गेले होते आणि पलटणीतून धडधाकट परतले, एवढाच तिचा महिमा. मी हसलो तेव्हा तू कडाडलीस, "हसतोस काय मेल्या! सदऱ्याच्या टोकानं तापलेलं पातेलं उचलून भाजून घेतलंस, विसरलास? हातानं काय धरायचं, सांडशी कशाला केलीय?"

दिल्लीजवळच्या मानेसरच्या कारखान्यात पहिल्या दिवशी प्रेस मशीन बघितलं आणि दोन पावलं मागे सरकलो. वरचा जबडा खाली आपटतो आणि पत्रा वाकतो. लोक हातानंच माल आत सरकवतात, कारण चिमट्यानं वेळ जातो आणि सुपरवायझर ओरडतो. कंपनीच्या बसमध्येच मला तो जबडा दिसायला लागायचा. मग मी खिशातली सांडशी चाचपायचो. अडकलेला पीस तिनंच ओढायचो. बाकीचे चिडवायचे, "आ गया रसोइया!" चिडवू देत. तिच्यामुळे मला घास गिळता यायचा, झोप लागायची.

शेजारच्या मशीनवर बिहारचा एक जण होता, माझ्या डब्यातली चटणी हक्कानं खाणारा. एका दुपारी त्याचा पीस अडकला. हात पुढे करून म्हणाला, "यार, वो पकड़ देना ज़रा." मी म्हणालो, "माँ की है, किसी को नहीं देता." मला वाटलं, दुसऱ्याच्या हातात गेली तर तिचा गुण जाईल आणि पुढची पाळी माझी. त्यानं खांदे उडवले आणि हात आत घातला.

दोन बोटं गेली. चौकशीत साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "जल्दी में था, सर." तो पट्टी बांधून समोर बसला होता, माझ्याकडे बघत. मग साहेबांच्या कागदावर त्यानं दुसऱ्या हातानं सही केली. पुढे तो गावी निघून गेला. मी मात्र अजूनही, बसमध्ये कुणी मागून खांद्यावर हात ठेवला की दचकतो.

त्या आठवड्यात मी तुला कळवलं होतं, शेजाऱ्याची बोटं गेली, माझे हात शाबूत आहेत. तू मारुतीला नारळ फोडलास आणि आळीभर प्रसाद वाटलास. त्यानं सांडशी मागितली होती, हे मी लिहिलं नव्हतं. आज लिहिलं, पण तू असतीस तरी हे पाठवलं नसतं. तू रागावशील ही भीती मला कधीच नव्हती. "बरं केलंस, दिली नाहीस ते," असं तू म्हणशील, याची आहे.